नाताळाआधीच्या रविवारचं जेवण

घरात सहा-सात वर्षांखालची नातवंडं असतील, तर नाताळचं मोठं जेवण २५ डिसेंबरला ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. २४ च्या रात्री मिस्सा असते. मुलं अर्धवट झोपेत नवे कपडे घालतात, उशिरा परततात, सकाळी भेटवस्तूंसाठी लवकर उठतात. दुपारपर्यंत आत्या, मावश्या, शेजारी, गावकरी येत-जात राहतात. अशा दिवशी पान वाढलं तर मूल दोन घास खाऊन रडायला लागतं आणि त्याची आई उभ्याउभ्या जेवते. म्हणून वसईतल्या आमच्यासारख्या घरांसाठी मी नाताळाआधीचा रविवार सुचवते. आगमनकाळातला हा चौथा रविवार १८ ते २४ डिसेंबरच्या दरम्यान कधीही येतो. २०२३ साली तो नेमका २४ तारखेला आला होता, २०२८ साली पुन्हा तसाच येईल. अशा वर्षी सरळ आदला शनिवार घ्यावा. घरातली वडीलधारी मंडळी आगमनकाळात काही नेम पाळत असतील तर त्यांना आधी विचारावं, मात्र चर्चच्या रीतीने रविवार हा उपवासाचा दिवस कधीच नसतो.

खाली दिलेलं प्रमाण आठ मोठी माणसं आणि चार लहान मुलं धरून आहे.

आधी घड्याळ, मग पदार्थ

आपण बायका बेत ठरवताना पहिल्यांदा सोरपोतेल म्हणतो, मग फुगे, मग गोडाचं, आणि मुलांचा विचार शेवटी येतो. तो पहिला यायला हवा. पंधरा दिवस आधी लेकीला आणि सुनेला फोन करून तीनच गोष्टी विचारा: मूल दुपारी किती वाजता झोपतं, त्याला काय खाऊन त्रास होतो, आणि सध्या ते आवडीने काय खातं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर दर महिन्याला बदलतं, त्यामुळे गेल्या वर्षीच्या माहितीवर जाऊ नका. अंडं, दूध, शेंगदाणे, काजू, मासे यांपैकी कशाची ॲलर्जी असेल तर ते कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा, कारण स्वयंपाकघरात त्या दिवशी चार-पाच जणींचे हात असतात आणि तोंडी सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही.

दीड-दोनला झोपणारी मुलं असतील तर पानं साडेबाराला मांडायची. ही वेळ हलवायची नाही. कुणी बोरिवलीहून उशिरा निघालं, कुणाची लोकल चुकली, तरी मुलांना साडेबाराला वाढायचं आणि मोठ्यांनी थांबायचं असेल तर थांबायचं. उरलेलं सगळं वेळापत्रक या साडेबारावरून उलटं मोजत जायचं.

एकाच पातेल्यातून दोघांचं

मुलांसाठी वेगळं काही करू नये, म्हणजे पाकिटातल्या शेवया नकोत आणि बाहेरून मागवलेला पिझ्झा तर नकोच. आजीच्या घरी नाताळला काय शिजतं, हे मुलाला जिभेने कळायला हवं, आणि ते फक्त त्याच वासाच्या, त्याच भांड्यातल्या जेवणाने कळतं. तिखट तेवढं नंतर घालायचं. बेत असा:

सोरपोतेल मोठ्यांसाठी. फुगे सगळ्यांसाठी. कोंबडीचा नारळाच्या दुधातला रस्सा सगळ्यांसाठी, पण शेवटी दोन वाटांनी जाणारा. खिम्याचे पोटॅटो चॉप, जे मुलं स्वतः वळतील. साधा पुलाव. काकडी-गाजराच्या लांब फोडी. गोडाला कलकल, मिल्क क्रीम आणि आगाशीकडची सुकेळी मिळाली तर ती. सुकेळी मुलांना बारीक कापून द्यावी, चिवट असते.

एवढं पुरे. या बेतात मासे मी मुद्दाम घेतलेले नाहीत. लहान मुलाच्या घासातले काटे काढण्यात एक मोठं माणूस पूर्ण जेवणभर अडकतं.

तीन दिवस आधी: सोरपोतेल

सोरपोतेलाची खुबी ही की ते मुरलेलंच चांगलं लागतं, म्हणून ते गुरुवारी संध्याकाळी करून मोकळं व्हायचं. डुकराचं चरबीसकट मांस एक किलो आणि कलेजी पाव किलो. दोन्हीचे मोठे तुकडे मीठ-पाण्यात वेगवेगळे उकडून घ्या, मांस अर्धं शिजेपर्यंत आणि कलेजी घट्ट होईपर्यंत. मांसाचं पाणी ठेवा. गार झालं की हरभऱ्याच्या दोन दाण्यांएवढे बारीक चौकोनी तुकडे करा. गरम मांस कापायची घाई केली तर तुकडे फाटतात. मग मांस त्याच्याच चरबीत परता, शेवटी कलेजी घालून परता.

मसाल्यासाठी १५ काश्मिरी मिरच्या, एक चमचा जिरं, १० मिरी, ६ लवंगा, दोन बोटांएवढी दालचिनी, अर्धा चमचा हळद, एक लसणीचा गड्डा आणि इंचभर आलं, हे सगळं अर्धी वाटी व्हिनेगरमध्ये भिजवून त्यातच बारीक वाटा. पाणी घालू नका. तीन कांदे लाल करून त्यावर हा मसाला तेल सुटेपर्यंत परता, मांस घाला, राखून ठेवलेलं पाणी घाला आणि मंद आचेवर तासभर शिजू द्या. चव घेऊन मीठ आणि हवं तर अजून व्हिनेगर. पूर्ण गार करून फ्रिजमध्ये. शुक्रवारी-शनिवारी रोज एकदा बाहेर काढून नीट उकळी आणा आणि पुन्हा गार करून ठेवा. पूर्वी फ्रिज नव्हते तेव्हा व्हिनेगर आणि ही रोजची उकळी यांवरच ते टिकायचं.

शनिवार: मुलांचे हात

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. नातवंडं शनिवारी दुपारपर्यंत येतील असं बघा, कारण संध्याकाळी कलकल वळायचे आहेत. पुष्कळ घरांत कलकल आठ दिवस आधीच करून डबे भरलेले असतात. तसे करायला हरकत नाही, पण एक घाणा मुलांसाठी मागे ठेवा. आयते डब्यातून काढलेले कलकल मुलांना बिस्किटासारखे वाटतात. स्वतः वळलेला कलकल ते आठवडाभर खिशात घेऊन फिरतात.

अर्धा किलो मैदा, १०० ग्रॅम बारीक रवा, १०० ग्रॅम पिठीसाखर, ५० ग्रॅम तूप आणि चिमूटभर मीठ. तूप किंचित गरम करून पिठाला चोळा, मुठीत दाबलं तर मुटका राहिला पाहिजे. मग नारळाचं दूध थोडं थोडं घालत पुरीपेक्षा किंचित मऊ पीठ मळा, साधारण एक वाटीभर दूध लागतं. मी यात अंडं घालत नाही, आणि त्याला दोन कारणं आहेत. मुलं कितीही सांगितलं तरी पिठाची बोटं चाटतात. कच्चं पीठही पोटाला चांगलं नाहीच, म्हणून त्यांच्यापुढे फुटाण्याच्या पिठाच्या लाडवाचे बारीक तुकडे किंवा बिस्किटं ठेवावीत, तोंड तिकडे वळतं. दुसरं कारण शेवटी सांगते. पीठ ओल्या फडक्याखाली तासभर झाकून ठेवा म्हणजे रवा फुलतो.

जमिनीवर चटई टाका, त्यावर जुनी चादर, त्यावर पाट. टेबलाशी खुर्चीवर उभं राहून काम करणारं मूल पडतं. प्रत्येकाला एक काटा द्या, किंवा कोरी करकरीत फणी, गरम पाण्यात धुतलेली. बोराएवढी गोळी घ्यायची, काट्याच्या पाठीवर अंगठ्याने पसरायची आणि टोकाकडून गुंडाळत आणायची. रेघांची शंखासारखी वळी होते. शेवटची कड नीट दाबायची, नाही तर तेलात उलगडते.

वयाप्रमाणे काम वाटा. दोन-तीन वर्षांच्या मुलाने फक्त गोळ्या करायच्या. त्या वेड्यावाकड्याच होणार. चार-पाच वर्षांचं मूल काट्यावर पसरू शकतं. सहा-सात वर्षांचं मूल वळून कड दाबू शकतं आणि त्याला एक जबाबदारीही द्यावी: तयार कलकल ताटात एकमेकांना न चिकटवता मांडायचे, वरून फडकं झाकायचं. तासाभराने मुलं कंटाळतात. कंटाळली की थांबवा. उरलेलं पीठ तुम्ही आणि लेकी मिळून वळाल, गप्पाही होतील.

एक गोष्ट कळकळीने सांगते. मुलाने केलेला जाड, तिरका, बोटांचे ठसे उमटलेला कलकल त्याच्यासमोर मोडून पुन्हा वळू नका. त्याच्या पाठीमागेही वळू नका. मुलांना आपला कलकल ओळखता येतो. अडचण फक्त तळण्याची आहे, कारण जाड कलकल आतून कच्चा राहतो. म्हणून मुलांचे कलकल वेगळ्या ताटात ठेवा आणि वेगळ्या घाण्यात, आच आणखी मंद करून, जास्त वेळ तळा.

तळताना स्वयंपाकघराचं दार बंद. कढई मागच्या शेगडीवर, दांडा भिंतीकडे. हे काम मुलं अंघोळीला गेल्यावर किंवा झोपल्यावरच करावं. तेल मध्यम तापवून कलकल बदामी रंगावर काढा. वर साखर हवी असेल तर एक वाटी साखर अर्ध्या वाटीपेक्षा कमी पाण्यात दोन-तारी होईपर्यंत उकळून त्यात कलकल घोळवा आणि साखर पांढरी होऊन सुकेपर्यंत हलवत राहा. मी अर्धेच घोळवते. पिठात साखर आहेच.

त्याच संध्याकाळी एक किलो बटाटे उकडून, सोलून, गरम असतानाच कुस्करून ठेवा. ४०० ग्रॅम खिमा कांदा, आलं-लसूण, हळद, मिरपूड आणि चमचाभर व्हिनेगर घालून अगदी कोरडा परता. पाणी राहिलं तर चॉप तव्यावर फुटतात. दोन्ही फ्रिजमध्ये. मिल्क क्रीमही शनिवारीच: एक लिटर दूध आटवून निम्मं करा, एक वाटी साखर आणि एक वाटी काजूची पूड घालून कडा सुटेपर्यंत ढवळा, मग चमचाभर लोणी लावलेल्या साच्यांत दाबा. साच्यातून मासा, फूल, पान बाहेर पाडायचं काम सकाळी मुलांकडे द्या.

रविवारची सकाळ

फुग्यांचं पीठ मिस्सेला जाण्याआधी मळून ठेवायचं. सात वाजताच्या मिस्सेला जायचं असेल तर सव्वासहाला. पूर्वी वसईत हे पीठ ताडीने फुगवत. आता बहुतेक जण यीस्टच घेतात. अर्धा किलो मैदा, दोन अंडी, दोन मोठे चमचे साखर, एक चमचा मीठ, दोन चहाचे चमचे कोरडं यीस्ट आणि एका नारळाचं घट्ट दूध, साधारण ३०० मिली, कोमट करून. यीस्ट आधी थोड्या कोमट दुधात साखरेबरोबर फेसाळू द्या. पीठ पोळीसारखं गोळा होणारं नको. हाताला चिकटणारं, उचललं तर लोंबणारं हवं. कमी पडलं तर कोमट पाणी घाला आणि हाताने खालून वर उचलत दहा मिनिटं फेटा. मोठ्या पातेल्यात झाका. डिसेंबरच्या गारव्यात दुप्पट व्हायला अडीच ते तीन तास लागतात, फार थंडी असली तर जास्त, तेव्हा पातेलं गरम पाण्याच्या टोपात ठेवा.

साडेआठला घरी. नाश्त्याला मुलांना पोटभर द्या, पाव-अंडं, केळं, दूध. उपाशी ठेवलं तर जेवतील हा समज चुकीचा आहे. उपाशी मूल अकरा वाजता बिस्किटांच्या डब्याला हात घालतं.

नऊला पोटॅटो चॉप. बटाट्याच्या गोळ्याची वाटी, त्यात चमचाभर गार खिमा, तोंड बंद करून चपटं करणं, हे सहा-सात वर्षांच्या मुलांना छान जमतं. लहानांनी रव्यात घोळवायचं. सोळा-अठरा होतात. तव्यावर थोड्या तेलात तुम्ही परता.

साडेनऊला कोंबडी. दीड किलोचे तुकडे, त्यातले मुलांसाठी मांडीचे बिनहाडाचे वेगळे. दोन नारळांचं घट्ट आणि पातळ दूध वेगळं काढा. तेलात चार लवंगा, दालचिनीचा तुकडा, तीन कांदे मऊ होईपर्यंत, मग आलं-लसूण आणि हळद. कोंबडी आणि बटाट्याच्या मोठ्या फोडी घालून पातळ दुधात शिजवा. मिरची अजिबात नाही. शिजली की, घट्ट दूध घालण्याआधी, मुलांचा वाटा लहान पातेल्यात काढा. त्यात थोडं घट्ट दूध आणि मीठ घालून एक वाफ आणा, बस. आता मोठ्यांच्या पातेल्याकडे वळा: छोट्या कढईत दोन चमचे तेलात एक कांदा लाल करा, गॅस अगदी बारीक करून तीन चमचे बाटली मसाला घाला, अर्धा मिनिट परता, रश्शातलं चमचाभर पाणी घालून जळू न देता तो मोठ्या पातेल्यात ओता. दहा मिनिटं शिजवून शेवटी घट्ट दूध. त्यानंतर खळखळून उकळू नका, दूध फाटतं. उन्हाळ्यात कुटून गडद बाटल्यांत दाबून भरलेला घरचा मसाला असेल तर हा रस्सा दुसरं काही मागत नाही. नसेल तर काश्मिरी मिरचीपूड आणि गरम मसाला चालवून घ्या, पण चव तीच येईल अशी अपेक्षा नको.

पुलाव साडेदहाला लावा, शिजल्यावर घट्ट झाकून ठेवा. त्यातले अख्खे मसाले मुलांच्या वाट्यातून वेचून काढा आणि वरचे तळलेले काजू फक्त मोठ्यांच्या ताटात घाला. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे काजू, बदाम, शेंगदाणे देऊ नयेत, घशात अडकतात. द्राक्षं दिलीत तर उभी चार भाग करून. वर्षाच्या आतल्या बाळाला मध मुळीच नाही, बोटावर चाटवायलासुद्धा नाही. दारूत भिजवलेल्या सुक्या मेव्याचा केक मोठ्यांपुरता. मुलांसाठी मेवा संत्र्याच्या रसात भिजवून एक लहान केक वेगळा करता येतो.

सव्वाअकरा ते सव्वाबारा हा दिवसातला सगळ्यात धोक्याचा तास. फुगे गरमच खायचे असतात, म्हणजे जेवणाच्या तोंडावर कढई तापणार आणि भुकेली मुलं नेमकी तिथेच घुटमळणार. या तासासाठी आजोबांना नेमा. त्यांनी मुलांना घेऊन आळीतले ख्रिस्तजन्माचे गोठे बघायला जायचं. नाताळाच्या आधीच्या आठवड्यात गावोगाव गोठे उभे राहिलेले असतात, कुठे वाहतं पाणी, कुठे नाचणी पेरून उगवलेलं हिरवं शेत. आपल्या गोठ्यातली नाचणी आणि त्यांची नाचणी यांत उंच कोणाची, एवढं एक काम दिलं की तास निघून जातो. (आपल्या गोठ्यासाठी ती आठ-दहा दिवस आधी भिजवून पेरायची, रोज पाण्याचा हबका मारायचा. जवळ राहणाऱ्या नातवंडाला हे काम जरूर द्या.)

आता फुगे. तेल चांगलं तापवून आच मध्यम करा. एक हात पाण्यात ओला करून पीठ मुठीत घ्या, मूठ दाबली की अंगठा आणि तर्जनीच्या मधून गोळी वर येते, ती ओल्या चमच्याने काढून तेलात सोडा. गोळी फुगून आपोआप उलटते, न उलटली तर चमच्याने ढकला. बदामी झाली की बाहेर. एकीने सोडायचे, दुसरीने काढायचे. पहिले पंधरा-वीस लगेच ताटात पसरून मुलांसाठी गार करायला ठेवा. आत वाफ कोंडलेली असते, वरून गार वाटतात आणि आत तोंड भाजतं. म्हणून मुलांना देताना फोडूनच द्यावेत.

पानावर

परसात केळी असतील तर पानं कापून, पुसून घ्या. पानं फुटत नाहीत, सांडलं तर गुंडाळून उचलता येतात. मुलांची पंगत जमिनीवर, पण वेगळ्या खोलीत नको, मोठ्यांच्या शेजारीच. प्रत्येक लहान मुलाजवळ एक मोठं माणूस आधीच ठरवून बसवा, आणि ते दरवेळी त्याची आईच असू नये. मामा, काका, आत्या यांनीही घास भरवावेत. आईने वर्षातून एकदा तरी गरम फुगा सोरपोतेलात बुडवून शांतपणे खावा.

प्रार्थना सर्वांत लहान बोलता येणाऱ्या मुलाला म्हणू द्या, चुकली तरी मध्ये दुरुस्त करू नका. मग मुलांना आधी वाढा: फोडलेले दोन फुगे, रश्शातले मऊ तुकडे बारीक करून, एक चॉप, दोन काकड्या. सगळं थोडं. ‘हे मी केलं’ म्हणत ते चॉप आधी उचलतील. एखादं मूल नुसते फुगेच खात बसलं तर खाऊ द्या. जबरदस्तीने भरवलेलं सोरपोतेल पुढच्या दहा वर्षांसाठी नावडतं होतं. सात-आठ वर्षांच्या मुलाने मागितलं तर फुग्याच्या टोकाला लावून चव द्या, पाण्याऐवजी शेजारी नारळाचं दूध किंवा ताक ठेवा.

दीडला मुलं झोपायला. मोठ्यांचं गोडधोड त्यानंतर.

नंतर

रस्सा आणि पुलाव दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. नारळाच्या दुधाचं काही दुसऱ्या दिवसापलीकडे ठेवू नका. उरलेल्या सोरपोतेलाचे दोन भाग करा, एक नेणाऱ्यांच्या डब्यात आणि दुसरा नाताळसाठी फ्रीझरमध्ये. फुगे उरले तर कापडात गुंडाळून डब्यात ठेवा, संध्याकाळी झाकण ठेवून मंद तव्यावर गरम केले की चहाबरोबर चालतात.

चार वाजता मुलं उठली की शेजारच्या ताटल्या भरायच्या: कलकल, मिल्क क्रीम, सुकेळी. इथे अंड्याशिवायच्या कलकलाचं दुसरं कारण. शेजारी शाकाहारी, अंडंही न खाणारी घरं असतात आणि त्यांनी ताटली निर्धास्त घ्यावी. केक अशा घरी पाठवू नका, किंवा पाठवलात तर अंडं आहे हे सांगून पाठवा. प्रत्येक ताटलीत मुलांनी वळलेले चार-पाच जाडे कलकल घाला, वर विणलेला रुमाल टाका, आणि ताटली मुलाच्याच हातात देऊन एका मोठ्याबरोबर पाठवा. कोणत्या घरी कोणी जायचं हे आधी सांगून ठेवा, नाहीतर चारही मुलं एकाच दारात उभी राहतात.